शुगर असलेल्यांचा केक: आधी भाकरीचा हिशोब, मग साखरेचा

गुळाचा केक शुगर असलेल्या माणसाला चालत नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण लातूरला मी घरून केक करून देते आणि "ताई, आमच्या अण्णांना शुगर हाय, साखर नको, गूळ घाला" ही मागणी जितक्या वेळा येते, तितकी दुसरी कुठलीच येत नाही. शंभर ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि त्यातली बहुतेक साखरच असते. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण केकच्या एका तुकड्यातून ते किती मिळणार? मधाचीही तीच गत, शंभरात ८० च्या घरात. खजुराची पेस्ट घातलेला केक "नॅचरल" म्हणून विकला जातो, पण खजुरातही शंभराला सत्तरच्या आसपास कर्बोदकं निघतात. अंडं नको म्हणून पिकलेलं केळं किंवा कंडेन्स्ड मिल्कचा डबा ओतला जातो, तेव्हा साखर मागच्या दाराने परत आलेली असते. कंडेन्स्ड मिल्क तर निम्म्याहून जास्त साखरच आहे.

दुसरा घोळ मैद्याचा. साखर काढली, गोडीसाठी गोळ्या किंवा पावडर घातली, डब्यावर "शुगर फ्री" लिहिलं, की काम झालं असं वाटतं. पण रक्तातली साखर वाढवताना शरीर मैद्यातलं पिष्ट आणि चहातली साखर यांच्यात फारसा भेदभाव करत नाही. म्हणून मी केकचा हिशोब भाकरीत करते. आपल्याकडे प्रत्येक घरात कळणारं माप तेच आहे.

साधारण ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची मध्यम भाकरी धरा. तिच्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. आता नेहमीचा बिनअंड्याचा केक घ्या: १९० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, वर दही. सगळा मिळून साडेतीनशे ग्रॅम कर्बोदकं. त्याचे दहा तुकडे केले तर एका तुकड्यात ३५, म्हणजे जवळजवळ अख्खी भाकरी, तीही बहुतांशी मैदा-साखरेची. यातली फक्त साखर काढली तर तुकड्याला १५ उरतात. हे कमी वाटतं, पण "शुगर फ्री आहे ना" म्हणत माणूस तीन तुकडे खातो आणि आकडा ४५ वर जातो, भाकरीच्याही पुढे. खाली दिलेल्या केकच्या एका तुकड्यात ११ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत, म्हणजे पाव भाकरीपेक्षा किंचित जास्त. तो जेवणात वाढवायचा नाही, जेवणातली पाव भाकरी काढून तिच्या जागी घ्यायचा. या एका गोष्टीवर घरच्यांचं एकमत झालं की बाकीचं काम सोपं आहे.

सामान (७ इंची गोल भांडं, १० तुकडे)

- ज्वारीचं पीठ ७० ग्रॅम
- गव्हाची कणीक ५० ग्रॅम
- भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट ८० ग्रॅम
- जवसाची पूड १५ ग्रॅम (साधारण दोन मोठे चमचे) आणि कोमट पाणी तीन मोठे चमचे
- घट्ट, आंबट नसलेलं साधं दही १८० ग्रॅम
- दूध ६० मिली, लागेल तसं
- करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल ४५ मिली (तीन मोठे चमचे)
- एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पावडर) ८० ग्रॅम
- बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा
- मीठ चिमूटभर, एका मोसंबीच्या सालीचा कीस, थोडं जायफळ

वाटीने मोजू नका. वाट्या घराघरात वेगळ्या, आणि ज्वारीचं पीठ दाबून भरलं की हलकं भरलं यात चांगलाच फरक पडतो. वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातून सामान वजन करूनच आणा.

पीठ कोणतं आणि का

ज्वारी निवडण्याचं पहिलं कारण साधं आहे: ती घरात आहे. दुसरं कारण, तिच्यात मैद्यापेक्षा बरेच जास्त तंतुमय पदार्थ असतात. मालदांडी, जालन्याची दगडी, किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आलेलं लोह-जस्त जास्त असणारं "परभणी शक्ती", जी हाताशी असेल ती वापरा. कर्बोदकांच्या हिशोबात त्यांच्यात फार फरक नाही, त्यामुळे वाणाच्या नावावर जादा पैसे मोजायची गरज नाही. पिठाचा ताजेपणा मात्र महत्त्वाचा. गिरणीतून आणून चार-आठ दिवस झालेलं, विरी (चिकटपणा) गेलेलं पीठ भाकरीत जसं दगा देतं तसंच केकमध्येही देतं: केक भुसभुशीत होऊन कापताना सांडतो आणि चव कडवट लागते. गिरणीवाल्याला "बारीक दळा" म्हणून सांगा आणि घरी आणून मैद्याच्या चाळणीने चाळा.

ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून नुसत्या ज्वारीचा केक धरून राहत नाही. त्यासाठी पन्नास ग्रॅम कणीक. गहू चालत नसेल तर तेवढीच ज्वारी वाढवा आणि खाली सांगितलेली अंड्याची पद्धत वापरा. बिनअंड्याची पद्धत तिथे पुरी पडत नाही.

शेंगदाण्याचा कूट हा या केकचा खरा आधार. परदेशी पाककृतींमध्ये अशा ठिकाणी बदामाचं पीठ असतं. ते आणायला हरकत नाही, पण शेंगदाण्यात शंभराला सतराच्या आसपास कर्बोदकं आणि पंचवीस-सव्वीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि किमतीची तर तुलनाच नको. दाणे मंद आचेवर नीट भाजा, फोलपटं पाखडून टाका, पूर्ण गार होऊ द्या. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. एकसलग फिरवला की कुटाला तेल सुटतं, त्याचा लगदा होतो आणि तो पिठात मिसळत नाही. रव्याइतका जाड कूट हवा. मोजलेल्या कणकेतली एखादा मोठा चमचा कणीक कुटासोबत मिक्सरमध्ये घातली तर कूट मोकळा राहतो.

जवस इथे अंड्याचं काम करतं. चटणीसाठी भाजतो तितकं कडक भाजू नका, तव्यावर फक्त गरम करा आणि पूड करा. पूड कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवली की चमच्याने उचलल्यावर तार धरणारा चिकट लगदा तयार होतो. तार आली नाही तर पूड जाड राहिली आहे किंवा जवस जुनं आहे.

गोडीसाठी काय घालायचं

साखर केकमध्ये फक्त गोडी देत नाही. ती ओलावा धरून ठेवते, केक मऊ करते, वरून बदामी रंग आणते आणि आकारमानही देते. चिमूटभर गोड पावडर घालून साखरेची दोनशे ग्रॅमची जागा भरत नाही. घरोघरी केलेले शुगर फ्री केक चपटे, कोरडे आणि पांढरट होतात ते त्यामुळेच. या पाककृतीत दही, तेल आणि कूट ओलाव्याची बाजू सांभाळतात आणि एरिथ्रिटॉल वजन भरून काढतं.

एरिथ्रिटॉल ऑनलाइन सहज मिळतं, मोठ्या शहरातल्या मेडिकल आणि सुपरमार्केटमध्येही. गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के, कॅलरी नगण्य, आणि रक्तातली साखर ते जवळजवळ वाढवत नाही. त्याचे खडे भरडे असतात, म्हणून मिक्सरमध्ये पिठीसारखं दळून घ्या. झाकण लगेच उघडू नका, धूळ नाकात जाते. जिभेवर किंचित गारवा जाणवतो. मोसंबीच्या कीसामुळे तो झाकला जातो. एकाच वेळी जास्त खाल्लं तर पोट बिघडू शकतं. २०२३ मध्ये "नेचर मेडिसिन"मध्ये आलेल्या एका संशोधनात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्या लोकांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसलं होतं. त्यातून एरिथ्रिटॉलमुळेच ते झालं असं सिद्ध होत नाही, पण ज्यांची अँजिओप्लास्टी-बायपास झाली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते वापरावं.

स्टीव्हिया साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड. एकटं वापरलं तर मागून कडवट चव येते. ती ज्यांना जाणवते त्यांना केक अजिबात आवडत नाही. एरिथ्रिटॉल साठ ग्रॅमवर आणून त्यात स्टीव्हियाची एक चिमूट, हे जोडकाम चांगलं जमतं. सुक्रालोज सहाशे पट गोड. त्याच्या डब्यावर "साखरेइतक्याच मापाने वापरा" असं असेल तर मागची यादी वाचा. माप वाढवायला घातलेली भर बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिनची (पिष्टापासून केलेल्या पावडरीची) असते आणि माल्टोडेक्स्ट्रिन रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. शिवाय १२० अंशांच्या वर तापवलेल्या सुक्रालोजबद्दल जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला आहे. केकच्या आत तापमान शंभरच्या पुढे जात नाही, पण वरची पापडी जाते. म्हणून मी ते भाजायच्या मिश्रणात घालत नाही. अस्पार्टेमच्या गोळ्या चहापुरत्या ठेवा, भट्टीत त्यांची गोडी टिकत नाही. दुकानातल्या शुगर फ्री चॉकलेटात आणि बिस्किटात अनेकदा माल्टिटॉल असतं, ते रक्तातली साखर थोडीफार वाढवतंच.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन कमी करायला स्टीव्हिया, सुक्रालोज, अस्पार्टेम अशा साखरेऐवजीच्या पदार्थांचा आधार घेऊ नका असं सांगितलं होतं. त्या सूचनेतून आधीच मधुमेह असलेले लोक वगळलेले आहेत. ही अर्धी बातमी व्हॉट्सॲपवर फिरून घरात भांडणं लावते, म्हणून लिहिलं.

करायचं कसं

पहिलं काम भिजवण्याचं. ज्वारीचं पीठ, दही आणि निम्मं दूध एका पातेल्यात एकत्र करून झाकून अर्धा तास ठेवा. ही पायरी कंटाळा करून सोडू नका. ज्वारीचं पीठ पाणी सावकाश पितं, आणि कोरडं राहिलेलं पीठ भाजल्यावर दाताखाली वाळूसारखं कचकचतं. अर्ध्या तासाने बोटावर थोडं मिश्रण चोळून पाहा, खरखर जवळजवळ गेलेली असली पाहिजे. उन्हाळ्यात दही आंबट व्हायला वेळ लागत नाही. आंबट दह्याने केकला ताकाचा वास येतो, तेव्हा सकाळी लावलेलं दही दुपारीच वापरा.

तोवर भांड्याला तेल लावून तळाशी बटर पेपर घाला. ओव्हन १७० अंशांवर तापत ठेवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत बोटभर जाडीचा मिठाचा थर पसरा, त्यावर छोटं स्टँड किंवा उलटी ताटली ठेवा, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. कुकर वापरायचा तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून. वीज कधी जाईल याचा भरवसा नसेल तर कढईच बरी. अर्धवट भाजलेला केक पुन्हा तापवून फुगत नाही.

आता भिजलेल्या पिठात जवसाचा लगदा, तेल, एरिथ्रिटॉल आणि मोसंबीचा कीस घाला आणि रवीने किंवा हँड व्हिस्कने दोन मिनिटं फेटा. कीस फक्त सालीच्या रंगीत थराचा, आतला पांढरा भाग आला तर कडू होतं. जालन्याची मोसंबी घरात नेहमी असते म्हणून मी तीच वापरते. लिंबाच्या सालीने चव जास्त तीक्ष्ण येते.

कणीक, कूट, मीठ, जायफळ, बेकिंग पावडर आणि सोडा वेगळे एकत्र करून चाळा. चाळणीत उरलेला जाड कूट वरून घाला. हे कोरडं मिश्रण ओल्यात घालून हलक्या हाताने फक्त एकजीव होईपर्यंत ढवळा. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं: चमचा उचलला की सावकाश, जड पट्टीसारखं खाली पडलं पाहिजे आणि पडलेली घडी क्षणभर वर दिसली पाहिजे. धारेसारखं वाहिलं तर एक चमचा कणीक, चमच्याला चिकटून राहिलं तर उरलेल्या दुधातलं थोडं. सोडा पडल्यानंतर फोन आला तरी घेऊ नका. मिश्रण लगेच भांड्यात ओता, वरून सपाट करा, दोनदा ओट्यावर आपटा आणि भट्टीत घाला.

ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटं. कढईत आच मंद करून ४५ ते ५०, आणि पहिली तीस मिनिटं झाकण उचलायचं नाही. रंगावरून अंदाज बांधू नका. एरिथ्रिटॉल साखरेसारखं करपून बदामी होत नाही, त्यामुळे केक झाला तरी वरून फिकटच दिसतो आणि रंगाची वाट पाहत बसलात तर आतून कोरडा पडतो. मध्यभागी सुरी घालून पाहा, ओलं पीठ लागता कामा नये. दोन-चार ओलसर कण चालतील.

काढल्यावर दहा मिनिटं भांड्यातच, मग जाळीवर. गरम असताना कापू नका. जवस आणि ज्वारी यांची पकड गार झाल्यावरच येते. निदान तीन तास, जमलं तर रात्रभर. दात्याच्या सुरीने करवतीसारखं कापा आणि दहा समान तुकडे करा. तुकड्याचं वजन ५५ ग्रॅमच्या आसपास येईल आणि कॅलरी दीडशेच्या जवळपास. कूट आणि तेलामुळे त्या कमी नाहीत, एवढं वजन उतरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

अंडी चालत असतील तर जवसाचा लगदा वगळा, दोन अंडी घाला, दही १२० ग्रॅमवर आणा आणि दूध फक्त लागलं तर. केक जास्त हलका होतो. चॉकलेटचा हवा असेल तर वीस ग्रॅम ज्वारीच्या जागी बिनसाखरेची कोको पावडर. ड्रिंकिंग चॉकलेट नाही, ते साखरेनेच भरलेलं असतं. गाजराचा कीस घालायचा तर अर्धी वाटी, पिळून.

वरचं आयसिंग

बाजारातल्या डब्यातल्या व्हिप क्रीममध्ये बहुतेक वेळा साखर आधीच असते, ती काढता येत नाही. त्यापेक्षा दोनशे ग्रॅम चक्का, तीस ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, थोडी वेलची, झालं. चक्का रात्रभर टांगून अगदी कोरडा करा, नाहीतर केकवर पाणी सुटतं. वाढदिवसाला नाव लिहायचं असेल तर त्यातल्याच दोन चमच्यांत कोको कालवून कोनात भरा. कुंथलगिरीचा खवा किसून घातलेलाही सुंदर लागतो, पण खव्यात दुधाची साखर आणि तूप दोन्ही दाटलेलं असतं, तेव्हा हिशोब नव्याने मांडावा लागतो.

खायचा कधी, आणि तपासायचं कसं

सकाळी उपाशीपोटी किंवा पाच वाजता साखरेच्या चहासोबत नको. जेवणात भाजी, वरण, कोशिंबीर झाल्यावर एक तुकडा, आणि ताटातली पाव भाकरी कमी. ग्लुकोमीटर असेल तर जेवण सुरू करण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजा, वहीत लिहा. दुसऱ्या एखाद्या दिवशी तेच जेवण बिनकेकचं, पूर्ण भाकरीचं घेऊन पुन्हा मोजा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की केक तुम्हाला कितपत मानवतो ते दिसतं. जेवणानंतरची साखर १८० च्या आत असावी असं साधारण लक्ष्य बहुतेक प्रौढांसाठी सांगतात, पण वय आणि औषधांप्रमाणे तुमचा आकडा डॉक्टरच ठरवतील. एकाच पाककृतीने दोन माणसांची साखर सारखी वाढत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर भाकरी पूर्ण काढून नुसता हा केक खाऊ नका, साखर खाली घसरू शकते. आणि घाम फुटला, हात थरथरायला लागले, मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, तर त्या क्षणी हा केक काही कामाचा नाही. तिथे तीन छोटे चमचे साखर पाण्यात किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तरी ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. घरात सगळं शुगर फ्री केलं तरी साखरेचा एक डबा हाताशी असलाच पाहिजे तो याचसाठी. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी शेंगदाणे आणि बेकिंग पावडर दोन्हींबद्दल आहारतज्ज्ञांना विचारून घ्यावं.

विकण्यासाठी करत असाल तर डब्यावर "डायबिटीससाठी सुरक्षित" असं छापू नका. घटकांची यादी, शेंगदाणा आणि गहू आहे ही सूचना, आणि एका तुकड्यातली कर्बोदकं लिहा. ठरवायचं काम गिऱ्हाईक आणि त्याचा डॉक्टर करतील.

टिकवायचं कसं

साखर केक टिकवतेही, ती नाही म्हटल्यावर हा लवकर खराब होतो. थंडीत बाहेर एक दिवस राहील, एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंतच बाहेर ठेवा. फ्रिजमध्ये घट्ट डब्यात चार दिवस, पण थंडीने एरिथ्रिटॉलचे बारीक खडे धरतात आणि केक कडक लागतो. खाण्याआधी तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर गरम केला की पुन्हा मऊ होतो. चक्का लावलेला भाग मात्र गरम करू नका. एकट्या माणसासाठी करत असाल तर तुकडे सुटे-सुटे बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरला टाका, महिनाभर चालतात. एका वेळी एकच बाहेर येतो, हा त्याचा मोठा फायदा.